कुकडीच्या काठानं साडेसहा कोटी वर्षं

नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहा. समोर कोकण खोल पडलेलं आहे, डोक्यावर नानाचा अंगठा, आणि पाठीमागे जमीन पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. थोडं मागे, पूर गावाजवळ, कुकडेश्वराच्या देवळापाशी कुकडी उगम पावते. जुन्नरजवळून ती बोरीला जाते, निघोजच्या कातळात शिरते, पुढे घोडनदीला मिळते, आणि घोडनदी इनामगावावरून भीमेकडे निघते. तुम्हाला या पाण्याबरोबर चालायचं आहे. नदी जसजशी उतरेल तसतसा काळ पुढे सरकेल. पृथ्वीचं हवामान माणसाचा हात लागण्याआधी कशाकशानं बदललं, हे शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेलं असतं : ज्वालामुखी, पृथ्वीची कक्षा, सूर्य, समुद्र. या सगळ्यांचा हात या एकाच खोऱ्यावरून फिरून गेला आहे. प्रत्येकाचा वेग मात्र वेगळा होता, आणि तो वेग तिथं उभं राहूनच पाहावा लागतो.

सुरुवात सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी.

घाट नाही. कोकणकडा नाही, कोकणही नाही. पश्चिमेला जिथं समुद्र असायला हवा तिथंही जमीनच आहे. सेशल्सची बेटं अजून या भूमीला जोडलेली आहेत. तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहात, आणि पायाखालचा भारत वर्षाला पंधराएक सेंटिमीटरच्या वेगानं उत्तरेकडे निघाला आहे. ती हालचाल तुम्हाला जाणवत नाही. जाणवतो तो जळक्या गंधकाचा वास. घसा धरतो, डोळ्यांतून पाणी येतं.

क्षितिजावर आगीची एक लांबलचक रांग दिसते. डोंगराचा शेंडा फुटून निघावा तसा हा ज्वालामुखी नव्हे. जमिनीलाच किलोमीटरच्या किलोमीटर भेग पडली आहे आणि तिच्यातून अकराशे अंशांहून तापलेला रस बाहेर येतो आहे. तो धावत येत नाही. तुम्ही चालत त्याच्या पुढे राहू शकाल इतका संथ येतो. वरचा थर काळा पडून घट्ट होतो, कडकड आवाज करत तडकतो, आणि त्या तडीतून नारिंगी रस पुन्हा बाहेर पडून हातभर पुढे सरकतो. अशा हातभर सरकण्यातून पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली जाणार आहे. यातले काही लोंढे थेट राजमहेंद्रीपर्यंत पोचतील.

आणि मग सगळं थांबतं. शेकडो वर्षं, कधी हजारो वर्षं काहीच होत नाही. पाऊस पडतो, दगड कुजून माती होते, मातीवर झाडं येतात. त्यावर पुढचा थर येतो आणि ती माती भाजून तांबडी करून टाकतो. माळशेज घाटातून एसटीनं जाताना काळ्या कातळाच्या भिंतीत जे वीत-दोन वीत जाडीचे विटकरी पट्टे दिसतात, ते त्या शांततेच्या काळांचे आहेत. पुढच्या वेळी खिडकीतून ते नक्की पाहा. एका पट्ट्याखालचा दगड आणि वरचा दगड यांच्यामध्ये किती पिढ्यांची जंगलं उगवून गेली असतील, याचा विचार करताना माझं तरी मन भरून येतं.

या आगीनं हवेत दोन गोष्टी सोडल्या. गंधकाचा वायू वर जाऊन त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले, त्यांनी ऊन परतवलं आणि गारठा आणला. पण दोन-तीन वर्षांत हे थेंब खाली उतरतात. कार्बन डायऑक्साइड उतरत नाही. तो हजारो वर्षं राहतो, थरावर थर साचतो आणि पृथ्वीला तापवत नेतो. म्हणजे एकाच भेगेतून आधी थंडी निघते आणि मागून ऊब. मेक्सिकोत अशनी आदळून डायनोसॉर संपले त्याच्या आधीच्या काही लाख वर्षांत पृथ्वी काही अंशांनी तापली होती, त्यात या दख्खनच्या लाव्हाचा मोठा वाटा मानतात.

इथं एक हिशेब सांगून टाकतो, कारण ज्वालामुखी म्हटलं की तो हटकून विचारला जातो. हे सगळं काम लाखो वर्षांत विभागलेलं आहे. वर्षाची सरासरी काढली तर दख्खनचा लाव्हा दरसाल जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडत होता, त्याच्या कितीतरी पट आज आपण कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून सोडतो : वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन. आजचे सगळे जिवंत ज्वालामुखी एकत्र केले तरी या आकड्याचे दोन टक्केही भरत नाहीत.

आता नदीकडे वळा. कुकडेश्वरापाशी या आणि पाऊस पडू द्या. आगी विझल्या आहेत. भारत विषुववृत्त ओलांडतो आहे, आणि हा सगळा ताजा काळा दगड पृथ्वीवरच्या सर्वांत ओल्या पट्ट्याखालून जातो आहे.

दगडावर हात ठेवा. त्यावरून ओघळणारं पाणी नुसतं पाणी नाही. पडता पडता त्यानं हवेतला कार्बन डायऑक्साइड उचलला आहे आणि ते किंचित आंबट झालं आहे. ते बेसाल्ट विरघळवतं, त्यातलं कॅल्शियम घेऊन समुद्राकडे जातं, आणि समुद्रात त्याचे शंख, शिंपले, चुनखडक होतात. हवेतला वायू दगडात कोंडला जातो. ज्या लाव्हानं पृथ्वी तापवली, त्याच लाव्हाचा दगड कुजताना तिला थंड करतो. थोडा वायू इथंच, वाटेतही अडकतो : काळ्या रानात नांगराच्या फाळाला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे तसेच झालेले आहेत. शेतकरी त्यांना कंटाळतो, पण एकेका खड्यात जुन्या हवेचा अंश आहे.

पाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्याहून फार उष्ण होती. दोन्ही ध्रुवांवर बर्फ नव्हता. आर्क्टिकमधल्या एल्समिअर बेटावर सुसरीच्या जातीचे प्राणी होते. त्याच सुमारास भारत आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहू लागला. नवा डोंगर म्हणजे कुजायला नवा दगड. मॉरीन रेमो या अमेरिकी भूवैज्ञानिक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की या उंचावलेल्या डोंगरांनीच हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पृथ्वीला थंडीकडे नेलं. त्यात दख्खनच्या बेसाल्टचा भाग किती आणि हिमालयाचा किती, यावर आजही जोरात वाद चालतो. दिशा मात्र पक्की आहे : ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाची मोठी चादर धरली, ती अजून आहे. तुम्ही देवळापासून ओढ्याच्या वळणापर्यंत चाललात तेवढ्यात तीन कोटी वर्षं गेली. दगडाच्या कुजण्याचा वेग असा आहे.

पुढचा टप्पा बोरी बुद्रुक. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या इथून फार लांब नाहीत. कुकडीच्या काठावर मातीच्या दरडीत एक फिकट थर दिसतो. चिमटीत घ्या, चोळा. मातीसारखा नाही, दातांखाली आला तर कचकच लागेल असा. भिंगाखाली ठेवलात तर काचेचे बारीक वाकडे तुकडे दिसतील. ही ज्वालामुखीची राख आहे. पण दख्खनचे ज्वालामुखी तर कधीच थंडावले. ही आली आहे सुमात्रातून, टोबाच्या डोंगरातून, ३,००० किलोमीटरांहून जास्त लांबून.

७४,००० वर्षांपूर्वीच्या एका दिवशी थांबा. सकाळ उजाडते ती पिवळट. मग वरून काहीतरी पडायला लागतं. पाऊस नाही, कारण भिजवत नाही. पानांवर, गवतावर, नदीच्या पाण्यावर, हरणांच्या पाठींवर एकसारखी करडी भुकटी बसत जाते. आवाज दबून जातात. प्राणी खोकतात. नदीचं पाणी दुधट होतं. टोबाच्या त्या स्फोटात अडीच हजारांहून जास्त घन किलोमीटर द्रव्य बाहेर पडलं. जिथून ते निघालं तिथं आज १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. त्याची राख मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आहे, आंध्रात ज्वालापुरमला आहे, बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे. बोरीची राख नेमकी याच स्फोटाची की टोबाच्याच एखाद्या फार जुन्या स्फोटाची, यावर संशोधकांचं एकमत नाही. राखेच्या आसपास दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, म्हणून हा वाद महत्त्वाचा : तारीख बदलली की त्या हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या माणसांचं वयही बदलतं.

स्फोटानंतर किती गारठलं याचे अंदाज एक-दोन अंशांपासून दहा अंशांपर्यंत आहेत. माणसाची जात त्यात जवळजवळ संपली, असंही एकेकाळी मांडलं गेलं. पण ज्वालापुरमला राखेच्या खाली जशी दगडी हत्यारं मिळाली तशीच राखेच्या वरही मिळाली. राखेआधीही तिथं माणसं होती आणि नंतरही होती. त्यांनी काय खाल्लं, लेकरांना काय पाजलं, कुठल्या झऱ्याचं पाणी निवळ राहिलं, हे कुठल्याच थरात लिहिलेलं नाही. एवढा मोठा स्फोट, आणि हवामानावरचा त्याचा थेट घाव काही वर्षांचा.

काठानं पुढे चला. थंडी वाढते आहे, आणि यावेळी ती स्फोटाची नाही.

२०,००० वर्षांपूर्वी तुम्ही पहाटे कुकडीच्या पात्रात उभे आहात. पात्रात पाणी थोडं, वाळू फार. वारा कोरडा. पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्याहून पाच-सहा अंशांनी खाली आहे. उत्तर अमेरिकेवर आणि युरोपच्या उत्तरेवर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे, आणि एवढं पाणी जमिनीवर अडकल्यामुळे जगभर समुद्र १२० मीटरांनी उतरला आहे. इथून मागे फिरून घाटमाथ्यावर गेलात तर पश्चिमेला पाणी दिसणारच नाही. आज मुंबई हायचे तेलाचे मनोरे जिथं भर समुद्रात उभे आहेत, तिथं कोरडं रान आहे. समुद्र थंड, वाफ कमी, म्हणून पावसाळाही दुबळा.

हे कुणी केलं? मिलुटिन मिलांकोविच नावाचा सर्बियन गणिती पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कैदेत सापडला. बुडापेस्टमध्ये त्याला ग्रंथालयात बसून काम करू दिलं गेलं, आणि त्यानं तिथं हिशेब मांडला. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट सुमारे एक लाख वर्षांच्या फेऱ्यात थोडी लांबट होते, पुन्हा गोल होते. तिचा अक्ष ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान कलतो आणि सावरतो. आणि हा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतोही, त्यामुळे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते हे सुमारे २३,००० वर्षांच्या फेऱ्यात फिरत राहतं. वर्षभराचं एकूण ऊन यानं फारसं बदलत नाही. बदलतं ते कुठल्या ऋतूत, कुठल्या अक्षांशावर किती पडतं हे. उत्तरेकडचे उन्हाळे सौम्य झाले की हिवाळ्यातला बर्फ वितळायचा राहतो, पुढच्या वर्षी त्यावर आणखी बसतो. मग पांढरी जमीन ऊन परतवते, थंड समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेतो, आणि लहानसं निमित्त मोठं होत जातं. हिमयुगात हा वायू दशलक्ष भागांत १८०–१९० भागांवर आला होता.

मिलांकोविचचा मोठा ग्रंथ १९४१ मध्ये निघाला, पण तो बरोबर होता हे १९७६ मध्ये सिद्ध झालं. हेझ, इम्ब्री आणि शॅकल्टन या तिघांनी हिंदी महासागराच्या तळातला गाळ काढला, आणि त्यात हेच फेरे सापडले. मिलांकोविच तोवर जाऊन अठरा वर्षं झाली होती. कागद-पेन्सिलीनं केलेल्या त्या मोजणीबद्दल मला अपार आदर आहे.

निघोजला पोचता पोचता तो अक्ष डुलत डुलत दुसऱ्या बाजूला आलेला असतो. ९,००० वर्षांपूर्वी. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला येते. तेव्हा ती उत्तरेच्या उन्हाळ्यात येत होती. उत्तर गोलार्धावर उन्हाळ्यात आजच्याहून सात-आठ टक्के जास्त ऊन पडत होतं. आशिया जास्त तापला, जमीन आणि समुद्र यांच्यातला फरक वाढला आणि मॉन्सूनला जोर चढला. कुकडी दुथडी भरून चालली आहे. निघोजच्या काळ्या कातळात पाणी गरगरतं, भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळ घासत राहतात आणि रांजणखळगे खोल होत जातात. कान लावलात तर पाण्याखालून गोट्यांची घरघर ऐकू येते. सहाराच्या वाळवंटात याच वेळी गवत आहे, तळी आहेत, पाणघोडे आहेत. राजस्थानातल्या कोरड्या पडलेल्या सरोवरांत पाणी आहे. एका अक्षाच्या डुलण्यानं झालेलं हे सगळं वैभव, आणि तो डुलत पुढे जायला थांबत नाही.

मग पाऊस हटू लागतो. एका माणसाच्या हयातीत कळणार नाही इतक्या सावकाश. कळतात ती फक्त बरी वर्षं आणि वाईट वर्षं; वाईट वर्षं थोडी थोडी जवळ येत आहेत, हे सांगायला कुणाचीच आठवण पुरत नाही. मध्ये एखादा मोठा घाव बसतो. ४,२०० वर्षांपूर्वीचा लांबलेला अवर्षणकाळ मेघालयातल्या मॉम्लू गुहेच्या चुनखडी स्तंभात इतका स्पष्ट उमटला आहे, की भूवैज्ञानिकांनी पृथ्वीच्या इतिहासातल्या आजच्या कालखंडाला मेघालयाचंच नाव दिलं. सिंधूकाठची शहरं त्यानंतरच्या काही शतकांत ओसरली.

घोडनदीच्या काठावर, इनामगावाशी, तुम्ही सावकाश थांबा. इसवी सनापूर्वी १३००. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी, १९६८ पासून कितीतरी हंगाम इथं खणलं, म्हणून आपल्याला हे गाव घरोघर फिरता येतं. चौकोनी, ऐसपैस घरं आहेत. कुडाच्या भिंती, मातीनं लिंपलेल्या. अंगणात धान्याच्या कणग्यांसाठी खळगे. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. कारभार पाहणारा कुणीतरी इथं राहतो. नदीचं पाणी वळवून पाट काढला आहे. शेतात जव उभे आहेत, थोडा गहू आहे, मसूर आहे. चुलीजवळ लाल भांडी, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी, एकाला लांब तोटी. एक बाई त्या तोटीनं पाणी ओतते आहे.

घरात जमिनीखाली लेकरू पुरलं आहे. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, आत लहानगं. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले आहेत. का, ते त्यांनाच ठाऊक. गेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असं खणणाऱ्यांना वाटलं. घराला इतकं धरून राहणारी माणसं होती ही.

चारशे-पाचशे वर्षं पुढे या. तेच गाव, तोच काठ. चौकोनी घरं गेली. लहान गोल झोपड्या आहेत, दाटीवाटीनं, आज धनगरांच्या पालांजवळ दिसते तशी रचना. गहू जवळजवळ दिसत नाही. उकिरड्यावर हरणांची हाडं वाढली आहेत, शेळ्यामेंढ्यांची वाढली आहेत. शेतानं पोट भरत नाही म्हणून रानाकडे आणि कळपाकडे वळलेले हे लोक आहेत. भांड्यांची कारागिरी ढासळली आहे. ढवळीकरांनी या बदलाचं मुख्य कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगाव रिकामं झालं. नुसतं इनामगाव नाही, दख्खनमधली त्या काळातली बरीच शेतकरी गावं उठली. ही माणसं एका दिवसात उठली नाहीत. आधी गव्हाचं रान पडीक ठेवलं असेल, मग पाटातला गाळ काढायचं एका वर्षी राहिलं असेल, मग थोरला मुलगा मेंढरं घेऊन गेला तो परतला नसेल. हजारो वर्षं चालणाऱ्या अक्षाच्या फेऱ्याचा एक लहानसा भाग त्यांच्या वाट्याला आला.

आता प्रवाहाविरुद्ध, जुन्नरकडे परत फिरा. इथून पुढचा काळ बखरींचा, पत्रांचा आणि सरकारी कागदांचा आहे, आणि यातली कारणं जलद आहेत.

१६३० चा पावसाळा. शिवनेरीवर फेब्रुवारीत जन्मलेला शिवबा अजून पाळण्यात आहे आणि खाली पाऊस आलेला नाही. दख्खन आणि गुजरातेत पडलेल्या या दुष्काळात लाखो माणसं मेली. देहूत तुकारामांच्या घरी पहिली पत्नी आणि मुलगा गेले, असं परंपरा सांगते. जगाच्या पाठीवर हा थोडा थंडावलेला काळ होता, साधारण चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंतचा. त्याच्यामागे लागोपाठचे ज्वालामुखी होते, आणि काही अंशी सूर्यही. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले होते. पण सूर्याच्या तेजातला असा चढउतार फार लहान असतो. अकरा वर्षांच्या फेऱ्यात तो हजारात एक भाग एवढाच. सूर्यावर सगळा भार टाकणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१८१६ मध्ये जुन्नरच्या बाजारात क्षणभर थांबा. आदल्या वर्षी १० एप्रिलला सुम्बावा बेटावर तांबोरा फुटला. त्याचा आवाज जावामध्ये तोफांचा समजून इंग्रजांनी फौजा बाहेर काढल्या होत्या. यंदा युरोपात उन्हाळा आलाच नाही, अमेरिकेच्या ईशान्येला जूनमध्ये बर्फ पडला, आणि हिंदुस्थानात पावसाचा ताल बिघडला. बाजारात कुणालाही तांबोरा ठाऊक नाही. पेशवाईचे शेवटचे दिवस आहेत आणि लोकांची काळजी लढाईची आहे. दोन-तीन वर्षांत आकाश निवळलं.

ओतूर. मांडवीच्या काठावरचं, जुन्नर तालुक्यातलं. एप्रिल १८७७.

ऊन उभं राहू देत नाही. ओढा कोरडा, विहिरीच्या तळाशी चिखल. झाडांना पान नाही. रस्त्याच्या कडेला बैल बसला आहे. जवळ गेल्यावर कळतं की तो बसलेला नाही. एक म्हातारी मडकं घेऊन तुमच्याकडे पाहते. "पानी हाय का रं लेकरा?" एवढंच विचारते आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जाते. सावित्रीबाई फुले या दिवसांत इथं आहेत. २० एप्रिलला त्यांनी ओतुरातून जोतीरावांना पत्र लिहिलं आहे : १८७६ साल सरलं तरी दुष्काळ सरला नाही, जनावरं मरून पडत आहेत, माणसं गाव सोडत आहेत, काहींनी पोटची मुलं विकली. सत्यशोधक कार्यकर्ते धान्य जमवायला फिरत आहेत. आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानातला गहू बोटींत चढून विलायतेला चालला होता. पाऊस न पडणं निसर्गाचं होतं, हे नव्हतं. दोन-अडीच वर्षांत निदान ५० लाख माणसं गेली. त्यातला एकेक जीव ढगांच्या नावावर मांडणं मला खोटं वाटतं.

त्या म्हातारीला एक गोष्ट माहीत नाही, आणि तुम्हाला ती माहीत असणं असह्य होतं. संकट अजून संपलेलं नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, पेरूच्या किनाऱ्यासमोर, पॅसिफिकचं पाणी तापू लागलं आहे. एरवी पूर्वेकडून वाहणारे वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलून धरतात, आणि तिथं वर चढणारी हवा ढग आणते. हे वारे मंदावले की उबदार पाणी माघारी पूर्वेला सरकतं, ढगांचा पट्टा त्याच्या मागे जातो, आणि भारतावर वर चढण्याऐवजी खाली उतरणारी हवा येते. खाली उतरणाऱ्या हवेत पाऊस होत नाही. हाच एल निनो. १८७७–७८ चा एल निनो नोंदीतल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक. त्याच्याबरोबर चीनमध्ये, ब्राझीलच्या ईशान्येला आणि पुन्हा हिंदुस्थानात पाऊस तुटला. १८७७ चा पावसाळा देशाच्या नोंदीतल्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांत मोडतो. पॅसिफिक हेलकावतो ते दोन ते सात वर्षांच्या अंतरानं. ओतूरच्या विहिरीचा तळ आणि पेरूचा समुद्र यांचा संबंध तेव्हा एकाही माणसाला ठाऊक नव्हता.

तो जोडला जायची सुरुवात व्हायलाच अर्धं शतक लागलं. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. हवामानाचं शिक्षण नसलेला हा गणिती. काम एकच, पाऊस हुकणार असेल तर आधी सांगता येईल का ते पाहा. त्यांनी हिंदी कारकुनांना हाताशी घेऊन जगभरच्या वायुदाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. हजारो आकडेमोडी, सगळ्या हातानं. त्यातून त्यांना दिसलं की पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. आज मॉन्सूनचा अंदाज देताना पुण्याच्या हवामान खात्यात एल निनोचं नाव आधी घेतलं जातं, ते त्या कारकुनांच्या कामामुळे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली असती तर फार बरं झालं असतं.

शेवटचा मुक्काम येडगावच्या धरणाच्या भिंतीवर. १९९१ सालचा शेवट. कुकडीचं पाणी अडवून कालव्यांना सोडलेलं, खाली ऊस आणि द्राक्षाचे मांडव. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली तरी पश्चिमेचं आकाश जांभळट गुलाबी आहे. गेल्या १५ जूनला फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो फुटला. त्यानं दीड-दोन कोटी टन गंधकाचा वायू पावसाच्या ढगांच्याही वर नेऊन सोडला, आणि तीन आठवड्यांत त्या आम्लाच्या थेंबांनी पृथ्वीला वळसा घातला. तुम्ही पाहता आहात तो रंग त्या थेंबांवरून परतणाऱ्या उन्हाचा आहे.

यावेळी हे पाहणाऱ्यांकडे उपग्रह आहेत. १९७८ पासून सूर्याचं तेज अवकाशातून सतत मोजलं जातं, आणि त्यात तेव्हापासून आजवर कुठलीही चढती रेघ दिसलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये नासाच्या संस्थेत जेम्स हॅन्सन आणि त्यांचे सहकारी संगणकावर हिशेब करतात आणि जानेवारी १९९२ मध्ये छापून टाकतात : पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशानं थंड होईल, १९९२ च्या उत्तरार्धात हा गारवा सर्वांत जास्त जाणवेल आणि पुढे काही वर्षांत तो ओसरेल. तांबोराच्या वेळी जुन्नरच्या बाजारात कुणाला गंधवार्ताही नव्हती. इथं परिणाम घडण्याआधी त्याचा आकडा छापील कागदावर आहे. चुकला तर सगळं जग पाहणार होतं.

१९९२ मध्ये तापमान उतरलं, जवळजवळ सांगितलं होतं तेवढंच. मग थेंब खाली बसले, पश्चिमेचा जांभळा रंग गेला, आणि पारा जिथं असायला हवा होता त्या चढत्या रेघेवर परत आला. १९९५ हे तोवरच्या नोंदींतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं.